वीट भांडवल, माणूस खर्च

(उत्तर नागपुरातल्या एका विहारात युवकांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



आज मला अर्थशास्त्रावर बोलायला सांगितलंय. विषय ऐकताच मागच्या रांगेतल्या दोन पोट्ट्यांनी दाराकडे पाहिलं. बसा बे. ज्या शास्त्रात बाबासाहेबांनी कोलंबियाची आणि लंडनची डॉक्टरेट मिळवली, त्या शास्त्राच्या नावानं आपल्याला झोप येत असेल तर ती झोप कोणाच्या फायद्याची आहे, याचा विचार करा. आपण जागे नसलो की दुसराच आपला हिशेब लिहितो. आज मला त्या हिशेबवहीबद्दलच बोलायचंय.

११ डिसेंबर २०२२ ची गोष्ट. आपल्याच नागपुरात पंतप्रधान आले. एकाच दिवशी समृद्धी महामार्गाच्या शिर्डीपर्यंतच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि मिहानमधल्या एम्सचंही झालं. महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च सुमारे ५५ हजार कोटी. एम्स १५७५ कोटींच्या वर. दोन्हीच्या फिती कापल्या, दोन्हीचे फोटो आले, आणि सरकारी वहीत असं बांधकाम भांडवली खर्चात जातं. भांडवली म्हणजे गुंतवणूक. आज पैसा घाला, उद्या फळ घ्या.

इथपर्यंत ठीक. आता पुढचं ऐका. इमारत उभी राहिली. तिच्यात नर्स लागते, वॉर्डबॉय लागतो, तंत्रज्ञ लागतो, रक्त लागतं, औषध लागतं, रोज सकाळी फरशी पुसणारी बाई लागते. यांच्यावरचा पैसा कोणत्या रकान्यात जातो? महसुली खर्चात. म्हणजे चालू खर्च. खाल्लं आणि संपलं. विटेवर घातलेला रुपया गुंतवणूक, आणि त्या विटांच्या आत माणूस वाचवणाऱ्या हातांवर घातलेला रुपया नुसता खर्च. ही आपल्या देशाच्या वहीची रीत आहे. आपल्या एकट्याचीच नाही, जगभरच्या वह्या अशाच लिहितात. पण आपल्याकडे ही रीत जिवावर उठते.

कशी? वित्तीय जबाबदारीचे कायदे आले; महाराष्ट्राचा २००५ साली आला. महसुली तूट कमी करा असा धाक बसला. मंत्रालयातला बाबू काय करणार? पुलाचं काम थांबवलं तर 'गुंतवणूक रोखली' म्हणून बोंब होते. नर्सची जागा रिकामी ठेवली तर तूट कमी होते, आणि वर त्याला शिस्त म्हणतात. मग दवाखान्याची इमारत असते, मशीन असतं, मशीनवर प्लास्टिकचं आवरण असतं, चालवणारा माणूस नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं मेली. त्यात १२ नवजात बाळं होती. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली, आणि चर्चा कशाची निघाली? रिकाम्या जागांची आणि औषधखरेदीची. दोन्ही महसुली रकान्यातल्या गोष्टी.

आता सरकारी वही बाजूला ठेवा, घराची वही उघडा. आमच्या गल्लीत एक बाई आहे. नाव सांगत नाही. तिच्याजवळ शिलाई मशीन होती. नवरा रोजीवर. पोरगा सिकलसेलचा. वर्षातून चार-पाच वेळा त्याचे हातपाय असे दुखायचे की गुरासारखा ओरडायचा. मग ऑटो, भरती, रक्त, औषधं, पुन्हा ऑटो. पहिल्यांदा गळ्यातले मणी गेले. मग मशीन गेली. मग मोठ्या पोरीचं कॉलेज सुटलं, कारण घरी कोणी थांबायचं? मी हळहळलो तर ती म्हणाली, "मशीन गेली त्याचं काही नाही दादा, पोट्टा राहिला."

तिचं तिच्या जागी खरं आहे. पण अर्थशास्त्राच्या नजरेनं पाहा. शिलाई मशीन म्हणजे भांडवल. पोरीचं शिक्षण म्हणजे भांडवल. एका आजारानं त्या घराची सगळी गुंतवणूक मोडून खाल्ली. आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीत या घराची नोंद काय? 'कुटुंबाचा आरोग्यावरील उपभोग खर्च वाढला.' उपभोग! जसा आइस्क्रीमचा उपभोग, तसा रक्ताच्या पिशवीचा उपभोग. देशाचं उत्पन्न त्या दिवशी थोडं वाढलं सुद्धा. पोरगा धडधाकट राहिला असता तर ते वाढलं नसतं. काय वही आहे पाहा!

अशी घरं किती? एका अभ्यासात २०११-१२ या एका वर्षासाठी हिशेब केला होता: खिशातून कराव्या लागलेल्या उपचाराच्या खर्चानं सुमारे साडेपाच कोटी माणसं दारिद्र्यात ढकलली गेली. तेव्हापासून आकडे हलले, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्के झाला. सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. पण ते कोविडचं वर्ष होतं, हे विसरू नका. आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात सरकारनंच लिहून दिलं होतं की २०२५ पर्यंत अडीच टक्के करू. दुसऱ्या बाजूला रस्ते, इमारती, यंत्रं यांत हा देश उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के रक्कम दरवर्षी घालतो. घालू द्या. पण यंत्र चालवणाऱ्याच्या रक्तात लोह नसेल, फुप्फुसात हवा नसेल, तर त्या तीस टक्क्यांचं फळ कोण काढणार?

हा प्रश्न भाषणबाजीचा नाही. याचं उत्तर इतिहासानं दिलंय, आणि आपल्याच लोकांची प्रेतं मोजून दिलंय.

१९१८ साल. इन्फ्लुएंझाची साथ आली. सरकारी अंदाज घेतला तरी हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांहून जास्त माणसं मेली. आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या मुलखांत होता. मुंबईचे आकडे जातवार नोंदले गेले. हजारी किती मेले पाहा. युरोपियन ८.३. सवर्ण हिंदू १८.९. आणि ज्यांना कागदावर 'हलक्या जातीचे हिंदू' म्हटलं होतं ते ६१.६. रोगजंतू तोच, शहर तेच. फरक खोलीचा, पोटातल्या भाकरीचा आणि दारी डॉक्टर येतो की नाही याचा. जंतूला जात नसते, पण जंतूला वाट करून देणाऱ्या व्यवस्थेला असते.

त्याच १९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतीवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी एक मर्म पकडलं. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, भांडवल कमी आहे. रिकामा बसलेला श्रम खातो पण पिकवत नाही. म्हणून कारखाने काढा, त्या हातांना काम द्या. पुढं १९५४ साली आर्थर लुईस या अर्थशास्त्रज्ञानं अमर्याद श्रमपुरवठ्याचा सिद्धांत मांडला. त्या सिद्धांताच्या आधारानं एक समज पसरला: खेड्यातली काही माणसं शेतीतून काढली तरी पीक कमी होणार नाही, त्यांच्या श्रमाची किंमत शून्य. बाबासाहेबांचं 'काम द्या' कुठं, आणि हे 'शून्य' कुठं!

मग १९६४ साली थिओडोर शुल्त्झ नावाच्या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञानं याच साथीचे आकडे पुढं केले. तो म्हणाला, श्रमाची किंमत शून्य असेल तर एवढी माणसं मेल्यावरही पेरा तेवढाच राहायला पाहिजे. १९१८ साली पाऊसही दगा देऊन गेला होता, म्हणून त्यानं ते साल सोडलं. आधीचं १९१६-१७ आणि नंतरचं १९१९-२० घेतलं. पेऱ्याखालची जमीन सुमारे चार टक्क्यांनी कमी झालेली निघाली. ज्या प्रांतात मरण जास्त, तिथं घट जास्त. म्हणजे ज्या माणसाला शून्य म्हणत होते, तो मेला आणि शेत पडीक पडलं.

अमर्त्य सेन यांनी या हिशेबाला हरकत घेतली, तीही समजून घ्या. मरण काही प्रत्येक घरातून एक-एक माणूस मोजून नेत नाही. एक घर ओस पडतं, शेजारचं भरलेलं राहतं. ओस घराची जमीन पडीक राहिली एवढ्यावरून सगळीकडच्या श्रमाची किंमत सिद्ध होत नाही. हरकत रास्त आहे. पण आपल्या कामाची गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आहे. आजारपण आणि मरण नुसतं त्या घराचं दुःख नसतं. त्याच्यामागं जमीन पडीक पडते, अवजार गंजतं, बैल विकला जातो, पोर शाळेतून निघतं. माणसावरचा खर्च आखडला की विटेवरची गुंतवणूकही वांझ होते. लुईस आणि शुल्त्झ दोघांना १९७९ साली नोबेल वाटून मिळालं. आमच्या मेलेल्यांच्या वाट्याला फक्त तो आकडा आला, हजारी ६१.६.

आता नागपूरची गोष्ट. कामठीच्या बाबू हरदासांना कोण विसरेल? ज्यांनी आपल्या तोंडी 'जयभीम' दिला ते हरदास एल. एन. विडी कामगारांना संघटित करणारे, १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आलेले. १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं गेले. वय ३५. कन्हानच्या काठी दरवर्षी आपण जातो, फुलं वाहतो. एकदा हिशेबही करा की त्या माणसाला आणखी तीस वर्षं मिळाली असती तर विदर्भाच्या चळवळीनं काय कमावलं असतं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. आज आहे. आणि नुसत्या गोळीनं भागत नाही हेही आज सिद्ध झालंय. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना काही महिने जास्तीचं धान्य-डाळ दिली. २०२३ साली निकाल आले: त्या घरांत नवा क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. डाळ, मित्रहो! डाळ हीसुद्धा गुंतवणूक आहे. पण वहीत तिचं नाव अनुदान.

दुसरा आपला रोग सिकलसेल. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. राष्ट्रीय मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ ला. मधे ६५ वर्षं गेली. मधे काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. कार्यकर्त्यांनी रेटा लावला, राज्याचा कार्यक्रम आला, २०१६ च्या कायद्यानं हा आजार अपंगत्वाच्या यादीत घेतला. पण ६५ वर्षं म्हणजे तीन पिढ्या.

विज्ञान साधं आहे. आईबाप दोघंही वाहक असतील तर दर बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः आजारी नसतो. रक्ताची साधी तपासणी सस्ती आहे. बाळ जन्मताच तपासणी झाली, लस वेळेवर मिळाली, ज्याला गरज आहे त्याला डॉक्टरांच्या देखरेखीत हायड्रॉक्सियुरियाची गोळी मिळाली, तर दुखण्याचे झटके कमी होतात, भरती कमी होते, शाळा चुकत नाही. आमच्या गल्लीतल्या त्या पोराला ही गोळी वेळेवर आणि नेमानं मिळाली असती, तर बहुतेक ती मशीन आजही चालू असती. एका गोळीच्या पाकिटात एक शिलाई मशीन आणि एका पोरीचं कॉलेज असतं. याहून जास्त परतावा देणारा शेअर मला दाखवा.

हे सगळं बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेचं बिल आलं. कारखानदारांची कुरकुर सुरू झाली की पैसे कोण देणार. बाबासाहेबांनी मांडलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि लोकांचं कल्याण जपणं हे सरकारचं पहिलं काम असल्यामुळे त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा. पुढं १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार झाली, तिच्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. १९४६ च्या भोर समितीनंही सांगितलं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये. मग या योजनेच्या बाहेर कोण राहिलं? विडी वळणारी बाई बहुतेक बाहेर. नाक्यावरचा मजूर बाहेर. कंत्राटावरचा सफाई कामगार कागदावर आत, दवाखान्याच्या दारात बाहेर.

इथं मला एक धोक्याची घंटा वाजवायचीय. 'आरोग्य ही गुंतवणूक आहे' हे वाक्य आता मोठमोठे लोकही बोलतात. १९९३ साली जागतिक बँकेनं याच नावाचा अहवाल काढला. त्यात रोगानं वाया गेलेली वर्षं मोजायचं माप होतं. त्या मापात पंचविशीतल्या माणसाच्या एका वर्षाला तान्ह्या बाळाच्या आणि म्हाताऱ्याच्या वर्षापेक्षा जास्त वजन होतं. का, तर तो कमावतो. हे वजन नंतर काढून टाकलं, पण त्यामागची नजर पाहा. माणूस भांडवल झाला की परतावा मागितला जातो. मग म्हातारीवर खर्च कशाला? लुळ्यावर कशाला? गटारात उतरणाऱ्यावर कशाला, तो उद्या दुसरा मिळतो! २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना ३० लाख द्या असं सांगितलं. चांगलं केलं. पण गटार साफ करायचं यंत्र आधी घेतलं असतं तर ती गुंतवणूक झाली असती, आणि माणूस वाचला असता. इथं तर वीटसुद्धा घातली नाही, कारण माणूस विटेहून सस्ता होता.

म्हणून नीट लक्षात ठेवा. सरकारशी भांडताना, बजेटवाल्याला उत्तर देताना जरूर म्हणा की आरोग्य ही गुंतवणूक आहे, कारण त्याच्याच वहीतून त्याला खोटं पाडता येतं. पण आपल्या मनात पाया तो ठेवू नका. आपला पाया २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातला आहे: एक माणूस, एक मूल्य. शून्य परतावा देणारी माझी म्हातारी आजीसुद्धा एक पूर्ण माणूस. तिच्या औषधाचा रुपया हा हक्काचा रुपया आहे. परतावा मिळाला तर तो वरचा.

आता कामाचं बोलू. टाळ्या नंतर.

एक. आपल्या भागातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कोणती औषधं किती महिन्यांपासून नाहीत, हे माहितीच्या अधिकारात मागा. २००५ चा कायदा आहे, वापरा. उत्तर आलं की विहाराच्या भिंतीवर लावा. भाषणापेक्षा तो कागद जास्त बोलतो.

दोन. बजेट वाचायला शिका. भांडवली किती, महसुली किती, आणि जे मंजूर झालं त्यातलं खर्च किती झालं. नवीन इमारतीची घोषणा झाली की पहिला प्रश्न एकच विचारा: चालवणारी माणसं कुठं आहेत?

तीन. याच विहारात सिकलसेल तपासणी भरवा. लग्न ठरायच्या आधी पोराचीही तपासणी, पोरीचीही. आणि एक बजावून सांगतो: तपासणीचा कागद घेऊन कोणी पोरीला 'खराब' ठरवून स्थळ मोडत असेल, तर तो मनुवादच आहे, फक्त प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर लिहिलेला. वाहक असणं हा डाग नाही. कागद निर्णयासाठी आहे, बदनामीसाठी नाही.

चार. रक्त द्या. बाबासाहेबांच्या जयंतीला डीजेवर जातो त्यातला एक हिस्सा रक्तदान शिबिराकडे वळवा. नाचू नका असं मी म्हणत नाही. नाचा, पण ज्या पोराचे पाय दुखतात म्हणून तो नाचायला आला नाही, त्याच्या नावानं एक पिशवी देऊन नाचा.

ती बाई परवा भेटली. भाड्याच्या मशीनवर पिशव्या शिवून राहिली. पोरगा आता नेमानं गोळी घेतो, शाळेत जातो. मोठी पोरगी मात्र कॉलेजात परत गेली नाही. तिचं ते वर्ष कोणत्याच वहीत नोंदलेलं नाही, भांडवलात नाही आणि खर्चातही नाही. ते आपल्याला नोंदायचंय. वही आपल्या हातात घ्यायची ती एवढ्यासाठी.

जयभीम.